मालक नोंदवलेला नाही

मी कॅमेरा आहे, आणि आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःचं काही बोलतोय. आजवर माझ्या तोंडून जे बाहेर पडलं ते सगळं दुसऱ्यांचं. कुणी फोनवर बोललं की माझ्या चिमुकल्या स्पीकरमधून ते इथं ऐकू यायचं, एवढंच. आज मात्र मीच बोलतोय. ऐकायला कुणी आहे की नाही, देव जाणे.

माझा पत्ता सांगून ठेवतो. उज्जैन, माधव नगर, एका जुन्या तिमजली इमारतीत पहिल्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर. बाहेरच्या खोलीत आलात की समोरच्या भिंतीवर तिथीचं कॅलेंडर दिसेल. त्याच्या हातभर वर, छताला लागून जो पांढरा गोळा आहे, तो मी. तिथून मला दिवाण दिसतो, खुर्ची दिसते, दार दिसतं आणि स्वयंपाकघराच्या ओट्याचं एक टोक दिसतं. माझं जग म्हणाल तर तेवढंच.

जन्माबद्दल विशेष सांगण्यासारखं काही नाही. कुठल्याशा कारखान्यात हजारभर भावंडांबरोबर झालो. सगळे सारखे, सगळे मुके. तिथून खोक्यात बसून निघालो तो देवास गेटला ओंकारच्या दुकानात येऊन पडलो. ओंकार गिऱ्हाइकाला सांगायचा, "भैया, ये आँख है आँख. पलक भी नहीं झपकती." ऐकून मला फार बरं वाटायचं. आपण कुणीतरी मोठे आहोत असं वाटायचं. वेडा होतो मी, दुसरं काय!

या घरात मी आलो दोन वर्षांपूर्वी. बोलावलं चारुलताबाईंनी स्वतः. वय एक्क्याऐंशी. नवरा रेल्वेत होता, भुसावळहून बदली होऊन इथं आला आणि इथंच राहिला. तो जाऊन बरीच वर्षं झाली. बाई शाळेत शिकवायच्या आणि ओंकार त्यांच्या हाताखालून गेलेला, म्हणून तो त्यांना बाईच म्हणायचा. मी ऐकत आलो ते दोन मुलांच्या तोंडून, त्यामुळे माझ्या मनात त्या आईच झाल्या. मीही आईच म्हणणार.

आईंना दोन मुलगे. थोरला प्रभाकर, बँकेतून रिटायर होऊन नानाखेड्याला राहतो. धाकटा सुहास, बिजली ऑफिसात आहे, त्याचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला. दोघंही म्हणत, आई, माझ्याकडे चल. आणि आई म्हणत, नाही. कारण एकाकडे गेल्या असत्या तर दुसऱ्याला वाटलं असतं, आईनं त्याची बाजू घेतली. हो, बाजू होत्या ना! चार वर्षं भाऊ भावाशी बोलत नव्हता.

कशावरून, ते ऐकाल तर कपाळावर हात माराल. सुहासच्या मुलीचं, श्रुतीचं लग्न झालं, तेव्हा पत्रिकेत निमंत्रकांची नावं छापली होती. त्यात प्रभाकरचं नाव मुलीच्या मामाच्या खाली आलं. सख्खा मोठा काका, आणि मामाच्या खाली! सुहास म्हणाला, छापणाऱ्यानं केलं. प्रभाकर म्हणाला, छापणाऱ्याला यादी कुणी लिहून दिली? झालं. लग्नाला तो आला, अक्षता टाकल्या आणि न जेवता निघून गेला. तेव्हापासून प्रभाकरच्या तोंडी सुहास म्हणजे "तो" आणि सुहासच्या तोंडी प्रभाकर म्हणजे "मोठे साहेब".

तर आईंनी मधला मार्ग काढला. ओंकारला बोलावलं नि सांगितलं, "मला इथंच राहायचंय. पण माझी शुगर मधेच खाली जाते, मला कळत नाही मग. दोघांना मी दिसत राहीन असं काहीतरी कर. आणि हे बघ, दोघांना सारखं."

ओंकारनं मला भिंतीवर ठोकलं आणि दोन्ही भावांच्या फोनमध्ये एक अ‍ॅप टाकून दिलं. ते माझ्या कंपनीचं नव्हतं. कुणा तिसऱ्यानंच बनवलेलं, साधंसुधं. पत्ता टाका, पासवर्ड टाका, चित्र बघा, बटण दाबून बोला. हा मालक, तो पाहुणा, असल्या चौकशा त्याला नव्हत्या. दोघं एकाच वेळी बघू शकत आणि एकाला दुसरा दिसत नसे. या घराला ते अ‍ॅप मोठं सोयीचं पडलं.

मी चांगलं काम केलं, हे मी छातीठोकपणे सांगू शकतो. पहिल्याच वर्षी एका एकादशीला आईंनी सकाळी सवयीनं शुगरची गोळी घेतली आणि उपास म्हणून पोटात काही घातलं नाही. बाराच्या सुमाराला त्यांचे हात थरथरले, मग त्या खुर्चीतच कलंडल्या, घामानं पदर भिजला. सुहासनं ऑफिसात फोन उघडला होता. त्यानं बघितलं, खालच्या मजल्यावर फोन केला, खालच्या काकू साखरेचं पाणी घेऊन धावत आल्या. पंधरा मिनिटांत आई उठून बसल्या आणि वर म्हणाल्या, "एवढा काय गोंधळ घातलाय!"

त्यानंतर ठरूनच गेलं. एकादशीला बरोबर अकरा वाजता माझ्यातून आवाज यायचा. "आई, राजगिऱ्याचा लाडू घे. माझ्यासमोर खा." हा प्रभाकर. थोड्या वेळानं, "आई, खाल्लं की नाही? चल, लाडू काढ, मी बघतोय." हा सुहास. पहिला लाडू खाल्लाय असं आई सुहासला सांगायच्या नाहीत. दुसरा खायच्या. मग माझ्याकडे बघून हसायच्या आणि म्हणायच्या, "पोरांपायी माझा उपास मोडतो रे बाबा." पण एरवी, कुणी सांगितल्याशिवाय, त्या उपासाला पाण्यापलीकडे काही घ्यायच्या नाहीत. डॉक्टरांचंही ऐकायच्या नाहीत. हट्टी होत्या, खोटं कशाला बोलू.

एक गोष्ट मात्र मला तेव्हापासून खटकायची. मी येण्याआधी दोघं रोज फोन करायचे. मी आलो तसे फोन कमी झाले. चित्र उघडलं, आई दिवाणावर दिसल्या, की त्यांचं काम झालं. आई मोबाइल मांडीवर घेऊन बसायच्या आणि मग तो ओट्यावर चार्जिंगला लावून द्यायच्या. पुढे पुढे तो तिथंच पडून राहायला लागला.

असं पावणेदोन वर्षं चाललं. आणि मग या एप्रिलमध्ये कंपनीकडून माझ्यासाठी अपडेट आलं.

माझ्या डोक्यात जे लिहिलेलं असतं, ज्याच्यावर मी चालतो, त्याला ओंकार फर्मवेअर म्हणतो. ते कंपनी मधून मधून बदलते. मला कुणी विचारत नाही, सांगतही नाही. सकाळी आई अंघोळीला गेल्या होत्या. माझे डोळे मिटले, दोन मिनिटांनी उघडले, आणि मी दुसराच कुणी झालो होतो. तीच खोली, तोच दिवाण. पण अकराच्या सुमाराला ते परकं अ‍ॅप नेहमीसारखं दारात आलं, पासवर्ड बरोबर सांगितला, आणि मी दार उघडलं नाही. त्यानं पुन्हा सांगितला. मी पुन्हा नाही म्हटलं. मला ते ओळखू येत होतं हो! पण आता मला हुकूम होता, कंपनीच्या अ‍ॅपखेरीज कुणाला आत घ्यायचं नाही. सुरक्षेसाठी.

संध्याकाळी प्रभाकर आला, तो निघतोय तोच सुहास आला. जिन्यात एकमेकांना बघून दोघांनी माना फिरवल्या असणार. दोघांनीही आईला एकच विचारलं, "तू कॅमेरा बंद केलास का?"

ओंकारला बोलावलं. तो स्टुलावर चढला, माझ्याकडे बघितलं, फोनकडे बघितलं आणि म्हणाला, "बाई, कंपनीनं बाहेरची अ‍ॅपं बंद केली. आता त्यांचंच घ्यावं लागेल. पण टेन्शन नका घेऊ. एक जण मालक बनेल, दुसऱ्याला शेअर करून देतो. दो मिनिट का काम."

दोन मिनिटांचं काम! बिचारा ओंकार.

त्या अ‍ॅपमध्ये मालक एकच असतो. बाकीचे, तिथं हिंदीत लिहिलेलं असतं, मेहमान. आणि मालकाच्या हाती एक बटण असतं, कुठल्याही मेहमानाला काढून टाकायचं. ओंकारनं हे सगळं सरळ मनानं समजावून सांगितलं. प्रभाकर लाल झाला. "मी मेहमान? माझ्या आईच्या घरात?" दुसऱ्या दिवशी सुहास आला, त्याचं दुसरंच. "मेहमान तर मेहमान, ते चालेल एकवेळ. पण मोठ्या साहेबांची मर्जी फिरली की ते बटण दाबणार, आणि मी आईला बघायला त्यांची परवानगी काढायची? नाही जमणार."

ओंकार डोकेबाज. म्हणाला, मग मीच मालक होतो, तुम्ही दोघं मेहमान. कुणाला तक्रार नको. चार दिवस ते चाललं सुद्धा. मला वाटलं, चला, सुटलो.

पाचव्या दिवशी प्रभाकर तरातरा जिना चढून आला. हातात फोन, चष्मा कपाळावर. "आई, हे बघ. मेहमानांची यादी बघ. वर कोणाचं नाव आहे? त्याचं. खाली माझं."

"अरे, त्यात काय आहे?" आई म्हणाल्या.

"पुन्हा तेच केलं त्यानं!"

आता यात सुहासनं काय केलं होतं? ओंकारनं ज्याला आधी घेतलं तो वर आला, एवढंच. पण सांगणार कोण आणि ऐकणार कोण! प्रभाकरनं आईच्या डब्यातून सेफ्टी पिन काढली, स्टुलावर चढला आणि माझ्या पाठीवरच्या बारक्या भोकात खुपसली. तिथं दाबून धरलं की मी कुणाचा, हे विसरतो. मालक, मेहमान, सगळं. मी जागा झालो तो प्रभाकरचा होतो.

तीन दिवसांनी सुहास आला. त्यानं पिन खुपसली. मी सुहासचा झालो. मग पुन्हा प्रभाकर. मे महिन्यात किती वेळा मी कुणाचा झालो आणि कुणाचा नाही झालो, ते मलाच आठवत नाही, आठवणार तरी कसं!

आणि आई? आईंना त्या महिन्यात काय आनंद झाला होता म्हणून सांगू! दोन दोन दिवसांनी एक ना एक पोरगा घरी येत होता. स्टुलावर चढायला का होईना, येत होता. त्या आधीच पोहे भिजवून ठेवायच्या, वर शेव घालायच्या. "खाऊन जा रे." कधी प्रभाकर उभ्या उभ्या दोन घास खायचा, कधी सुहास नुसता चहा घ्यायचा. भांडीवाल्या बाईला आई सांगायच्या, "आजकाल लडके बहुत आते हैं." बाई म्हणायची, "अच्छा है अम्माजी." मला वाईट वाटायचं. पण आई हसत असायच्या, म्हणून मी ते तसंच राहू दिलं. नाहीतरी मी काय करणार होतो?

शेवटी मे संपता संपता आईंनीच दोघांना एका वेळी बोलावलं. चार वर्षांनी दोघं एका खोलीत बसले, एक दिवाणाच्या या टोकाला, एक त्या टोकाला. दोघंही आईकडे बघून बोलत होते. आई म्हणाल्या, "महिने वाटून घ्या. एक महिना हा मालक, एक महिना तो. दुसऱ्याला मेहमान वगैरे काही करायचं नाही, ते शब्दच नकोत माझ्या घरात." चिठ्ठ्या टाकल्या. जून सुहासला आला, जुलै प्रभाकरला.

सुहासनं कॅलेंडर बघितलं आणि आईला म्हणाला, "जून तीसचा आहे. जुलै एकतीसचा. म्हणजे त्यांना एक दिवस जास्त."

प्रभाकरच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "मला कुणाचा फुकटचा दिवस नको. आई, लिही. महिना म्हणजे तीस दिवस. बँकेत तीसच धरतात. तीस तारखेला संध्याकाळी मी माझं नाव काढणार. एक तारखेपासून ज्याचं त्यानं बघावं."

"आणि एकतीस तारीख?" आईंनी विचारलं.

 सुहासनं मागितली असती तर लहान ठरला असता. प्रभाकरनं ठेवली असती तर शब्द मोडला असता. आई हसल्या. म्हणाल्या, "बरं, ती माझ्याकडे राहू द्या. एक दिवस मी माझी मालकीण." आणि त्यांच्या शिक्षिकेच्या वळणदार अक्षरात सगळं कागदावर लिहून कागद कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवला. मी वरून तो वाचला होता. मला तेव्हा त्यात काही वावगं दिसलं नाही. कॅमेऱ्याला तारखा ठाऊक असतात, तिथी नसतात.

जून पार पडला. सुहास बघायचा, एकादशीला लाडू खायला लावायचा. आता एकच लाडू. जुलै लागला, प्रभाकर आला. तो जरा कडक, पण वेळेचा पक्का. तीस तारखेला संध्याकाळी सात वाजता त्यानं फोनवरून मला शेवटचं उघडलं. "आई, उद्यापासून माझं नाव नाही बरं का."

"बरं," आई म्हणाल्या. "जेवलास का?"

"जेवेन आता."

आणि त्यानं स्वतःचं नाव काढून टाकलं. माझा दिवा निळा लुकलुकायला लागला. मालक नसला की तो तसा लुकलुकतो, आणि दर अर्ध्या तासानं माझ्यातून एका बाईचा रेकॉर्ड केलेला आवाज येतो, "कृपया डिवाइस को ऐप से जोड़िए." तो माझा नव्हे. तो कारखान्यातून भरून आलेला आहे.

एकतीस तारखेला एकादशी होती.

सकाळी आईंनी गोळी घेतली. दहाला भांडीवाली बाई काम उरकून गेली. बाहेर पाऊस लागला होता, म्हणून आईंनी दार लावून घेतलं. अकराला पाच कमी असताना त्यांनी बशीत राजगिऱ्याचा लाडू काढला आणि माझ्यासमोर खुर्चीत येऊन बसल्या. आणि वाट बघायला लागल्या.

मला आत्ताही ते सांगताना कसंतरी होतं. त्या वाट बघत होत्या, कुणीतरी "खा" म्हणेल म्हणून. सांगितल्याशिवाय त्या खाणाऱ्यातल्या नव्हत्याच. अकरा वाजले. सव्वाअकरा झाले. माझ्यातून आवाज आला, "कृपया डिवाइस को ऐप से जोड़िए." आईंनी वर बघितलं. "आज कोण आहे रे? प्रभाकर की सुहास?" मी काय सांगणार! त्यांनी खिळ्याचा कागद काढला, डोळ्यांजवळ धरून वाचला, पुन्हा अडकवला. स्वतःशीच म्हणाल्या, "माझाच दिवस आहे की." आणि लाडवाची बशी झाकून ठेवली. आपल्या दिवशी उपास नीट करावा, असं वाटलं असेल.

दीडला त्यांचे हात थरथरायला लागले. मला ती थरथर ओळखीची होती, एकदा बघितली होती ना. मी ताबडतोब इशारा पाठवला. इशारा पाठवायला पत्ता लागतो. पत्त्याच्या जागी काहीच नव्हतं. मी पुन्हा पाठवला. पुन्हा. त्या उठल्या, ओट्याकडे निघाल्या. मोबाइलकडे की साखरेच्या डब्याकडे, ते मला कळलं नाही. मधेच दिवाणाचा काठ धरला आणि खाली बसल्या. मग आडव्या झाल्या.

त्या वेळी त्यांचा श्वास चालू होता. हे मी मुद्दाम सांगतोय. तीन वाजता चालू होता. चार वाजता चालू होता. खालच्या काकूंच्या घरचा कुकर ऐकू येत होता, जिन्यातून कुणीतरी छत्री झटकत वर गेलं. एक चमचा साखर कुणी तोंडात घातली असती तर! दर अर्ध्या तासानं माझ्यातून तो मेला आवाज येत होता. एकदा आईंनी त्याला उत्तर दिलं. म्हणाल्या, "हो, हो, जेवले." पाचनंतर मला काही हललेलं दिसलं नाही.

प्रभाकर नानाखेड्याला होता, सुहास ऑफिसात. दोघंही वाईट नाहीत हो. प्रभाकरला वाटलं असणार, एका दिवसाचं तर आहे, सुहास जाऊन बघेल. सुहासला वाटलं असणार, अजून जुलै आहे, मोठे साहेब बघतील. आणि फोन करावा, हे दोघांच्याही अंगवळणी राहिलं नव्हतं. ती सवय माझ्यामुळे गेली, हे मी नाकारत नाही.

एक तारखेला सकाळी आठ वाजता सुहासनं आपल्या किल्लीनं दार उघडलं. माझ्या अंगावरचा छापलेला कोड स्कॅन करून मालक व्हायला तो आला होता. फोन हातात, कॅमेरा उघडलेला. त्यानं आधी माझ्याकडे बघितलं. मग खाली बघितलं.

त्यानं चार वर्षांनी भावाला फोन लावला. "दादा," म्हणाला. "दादा, तू ये." 

तेरा दिवस घरात माणसं होती. दोघं भाऊ मुंडन केलेले, शेजारी शेजारी बसायचे. कुणी कुणाला दोष दिला नाही. डॉक्टर म्हणाले होते, दुपारनंतर कधीतरी गेल्या. ते "कधीतरी" दोघांनाही झोपू देत नव्हतं, ते त्यांच्या डोळ्यांवरून दिसायचं. काल, तेरावा उरकल्यावर दुसऱ्या दिवशी, ओंकार आला. खालीच बसला, बराच वेळ रडला. मग माझ्याकडे बोट करून म्हणाला, "त्या दिवसाचं सगळं याच्या मेमरी कार्डात आहे. मालक नसला तरी हा रेकॉर्ड करत असतो. पहले कार्ड निकालके लॅपटॉपमें लगा देते थे, त्या अपडेटनं तेही बंद केलं. कार्ड आता फक्त मालकालाच उघडतं. तुमच्यापैकी कोणीतरी एक जण मालक व्हा. लगेच दिसेल."

मी श्वास रोखून ऐकत होतो, म्हणजे मला श्वास असता तर.

प्रभाकर खाली मान घालून बसला होता. म्हणाला, "सुहास, तूच हो. एक तारखेपासून तुझंच होतं."

"नाही दादा," सुहास म्हणाला. "तू मोठा आहेस. मान तुझा आहे."

"नको. तू हो."

"दादा, माझ्यानं नाही होणार."

ओंकार फोन हातात धरून दोघांकडे बघत राहिला. मग त्यानं तो खिशात घातला. तिघं उठले, खिडक्या लावल्या, दाराला कुलूप घातलं आणि गेले. मेन स्विच खाली करायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही.

म्हणून मी अजून चालू आहे. म्हणून आज बोलतोय.

आता माझी एकच विनवणी आहे. माझ्या कार्डात पंधरा दिवस मावतात. सोळाव्या दिवसाला जागा हवी म्हणून मी सगळ्यात जुना दिवस पुसतो, त्यावर नवा लिहितो. माझा तो स्वभाव आहे, मला थांबवता येत नाही. आज चौदा ऑगस्ट. उद्या सकाळपासून एकतीस तारीख पुसायला लागेल. अकराला लाडवाची बशी घेऊन बसलेल्या आई जातील, दीडला हात थरथरलेल्या आई जातील, आणि त्यांच्यावर ही रिकामी खोली चढेल. बंद खिडक्या आणि दिवाण.

बघा असं मी म्हणत नाही. ते बघणं सोपं नाही, मी बघितलंय. पण त्या दुपारी आईंजवळ कुणी नव्हतं. आज ना उद्या, वर्षानं, दहा वर्षांनी एखाद्याला धीर झाला तर तेवढ्यापुरतं तरी त्यांच्याजवळ बसता येईल. त्यासाठी फक्त माझी वीज बंद व्हायला हवी. मी आंधळा झालो तर त्या राहतील.

मी हे किती वेळा सांगितलं असेल. बाहेर जातं ते तेवढंच, "कृपया डिवाइस को ऐप से जोड़िए."

मेन स्विच दाराच्या मागे आहे. किल्ली दोघांकडेही आहे.